उद्याचा डोळा

"दिसलं! दिसलं!" शिंपीदादा ओरडले आणि सुताच्या रिकाम्या गोदामात दाटीवाटीने उभ्या असलेल्या गर्दीने एकदम श्वास आत ओढला.

शिंपीदादांच्या एका हातात काडेपेटी होती. दुसऱ्या हाताने त्यांनी काळ्या पत्र्याची, मधोमध बारीक भोक असलेली एक चकती उजव्या डोळ्याला लावली होती आणि डाव्या डोळ्यावर बाबांच्या चेल्याचा तळवा होता. गोदामाच्या दारात, भर उन्हात उभे राहून ते काडेपेटीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत होते. "कोरड्या जागी ठेवा... मुलांपासून... दूर ठेवा." काडेपेटीवरचा मजकूर ऐकून कुणी रडेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं, पण शिंपीदादांची बायको हमसून हमसून रडायला लागली. कित्येक महिन्यांत नवऱ्याला सुईत दोरा ओवता आला नव्हता.

नजरबाबा चौथऱ्यावर बसले होते. कपडे परीटघडीचे आणि आवाज असा, की जणू शेजारी तान्हं मूल झोपलंय.

"मी काही करत नाही हो," ते म्हणाले. "मी कोण करणारा? डोळा तुमचा, उजेड वरचा. मी फक्त दोघांची ओळख करून देतो. आता चकती काढा. काय दिसतं?"

"धूसर दिसतं, बाबा."

"दिसणारच! हा तुमचा आजचा डोळा. आणि चकतीतून दिसला तो? तो तुमचा उद्याचा डोळा! बी आज पेरलं तर फळ आजच मागाल का? हे तेजोजल रोज डोळ्यांत घाला. दवाखान्याचे थेंब मात्र बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तिथं एका डोळ्यात दोन औषधं कशी नांदतील?"

चौथऱ्यापाशी एक वेताची टोपली होती. शिंपीदादांनी खिशातून थेंबांची बाटली काढून तिच्यात टाकली. टोपली अशा बाटल्यांनी निम्मी भरली होती. ज्यांना चकतीतूनही काही दिसत नसे, त्यांच्यासाठी बाबांकडे वेगळं उत्तर तयार होतं. "श्रद्धा गढूळ आहे, गाळून परत या." म्हणजे गुण आला तर बाबांचा, नाही आला तर खोट तुमची. चित भी मेरी, पट भी मेरी!

हे सगळं बाई खांबाला टेकून बघत होत्या. बाई म्हणजे गणिताच्या बाई. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले, त्यामुळे भाजीवाल्यापासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे त्यांना अजून बाईच म्हणत. बाबा-बुवा म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आजही त्या आल्या होत्या त्या केवळ नवऱ्याच्या हट्टापायी, आणि रांगेत पुढचा नंबर त्यांच्या नवऱ्याचाच होता.

नवऱ्याला सगळे रेडीकाका म्हणत. बाजारपेठेत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. "मान जरा वर, हनुवटी खाली, रेडी?" असं म्हणून त्यांनी गावातल्या प्रत्येक लग्नाचा, वाढदिवसाचा आणि ओळखपत्राचा फोटो काढला होता. काकांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. उजव्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डाव्याचं ठरलं होतं. पण ऑपरेशन झाल्यापासून काकांची एकच तक्रार. "आधी बरं दिसत होतं. त्या डॉक्टरीणबाईंनी डोळा बिघडवला."

काकांनी चकती लावली. चेल्याने डाव्या डोळ्यावर हात धरला, दोन थेंब तेजोजल घातलं, आणि काडेपेटी पुढे केली. बाई मान उंचावून बघत होत्या.

"बनावटीची... तारीख..." काका वाचायला लागले आणि त्यांचा आवाज चढत गेला. "अगं, मला दिसतंय! बिघडवलेल्या डोळ्यानं दिसतंय!"

बाईंनी पुढे होऊन काडेपेटी बघितली. नवरा खोटं बोलत नव्हता, तारीखसुद्धा बरोबर होती. त्या काही म्हणायच्या आत काकांनी थेंबांच्या दोन्ही बाटल्या टोपलीत टाकल्या होत्या.

घरी आल्यावर काकांचा पाय जमिनीवर ठरेना. खरंच ठरेना, कारण उंबऱ्याला ठेच लागून ते पडता पडता वाचले. मग चहा आला. कप त्यांच्या कोपराशीच होता, तोही हात लागून लवंडला.

"अहो, समोर कप दिसत नाही?"

"समोर कुठं? बाजूला ठेवलास. कप काय बाजूला ठेवायची वस्तू आहे?"

"आणि उंबरा? तोही मीच मध्ये आणून ठेवला?"

"हे बघ, तुला बाबा पटत नाहीत, ठीक. पण मी वाचलं की नाही? हातच्या कंकणाला आरसा कशाला? डाव्या डोळ्याचं ऑपरेशन रद्द. तपासणीलाही मी जाणार नाही."

काका मिशीवर ताव देत आडवे झाले. बाईंना मात्र चैन पडेना. तपासणी चुकवायची नाही, हे दवाखान्यात त्यांना तीन-तीनदा बजावलं होतं. त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाई दोन पेशंटच्या मधल्या वेळात उभ्या उभ्या बिस्किट खात होत्या. बाईंनी तेजोजलाचं सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. चकतीचं सांगितलं तेव्हा मात्र बिस्किट खाली ठेवलं, टेबलाचा खण उघडला आणि दांडीची काळी पट्टी काढून समोर ठेवली. पट्टीला मधोमध बारीक बारीक भोकं होती.

"अशीच का?"

"अशीच! पण त्यांची गोल आहे, आणि भोक एकच."

"मग बाबा काटकसरी दिसतात. बाई, हे आमचं रोजचं हत्यार. चष्म्याचा नंबर असलेल्या माणसाला बारीक भोकातून बघायला लावलं की स्वच्छ दिसतं. पसरलेले किरण अडतात, मधले तेवढे आत जातात. पेशंटला फक्त चष्मा लागणार आहे की डोळ्यातच काही बिघाड आहे, हे आम्ही याने ओळखतो. काकांच्या डोळ्याचा ऑपरेशनने नंबर बदललाय. काही आठवड्यांनी डोळा स्थिरावला की चष्मा देणारच होते."

"मग ऑपरेशननंतर दिसायला कमी का लागलं? ते तेच घेऊन बसलेत."

डॉक्टरीणबाई हसल्या. "मोतीबिंदूचा पेशंट पट्टी काढल्यावर नाचतो. काचबिंदूचा पट्टी काढल्यावर भांडतो. त्यात त्याचाही दोष नाही. डोळ्यात पाणी तयार होतं आणि निचरून जातं. ती वाट तुंबली की दाब वाढतो, आणि दाबाखाली डोळ्याची नस मरते. आम्ही पाण्याला नवी वाट काढून देतो. मेलेली नस काही जिवंत होत नाही, जी उरलीय ती वाचते. माणसाला वाटतं, एवढं कापलं-शिवलं आणि मिळालं काय? मग तो रागावतो आणि पुढच्या तपासणीला येतच नाही. इकडे नवी वाट बुजायला लागते. वेळेत आला तर ती मोकळी करता येते. नाही आला तर डोळा जातो, आणि गावभर होतं की ऑपरेशनने डोळे जातात. मग शेजारचा माणूस घाबरून घरी बसतो, आणि एक डोळा गेल्यावर दुसरा घेऊन माझ्याकडे येतो. आपल्यासारख्या ठिकाणी निम्मी लढाई टाके घातल्यानंतरच सुरू होते."

"पण वाचता तर येतं त्यांना!"

"शेवटपर्यंत येईल. तीच तर मेख आहे. काचबिंदू नजर कडेकडेनं कुरतडत आत येतो. मधली नजर सगळ्यात शेवटी जाते, आणि ती जाईपर्यंत माणूस काडेपेट्या वाचत बसतो. डावा डोळा थेंबांवरच तग धरून आहे, बाई. त्यांना या आठवड्यात घेऊन या. ओढून आणा, फसवून आणा, पण आणा."

मग त्यांनी बाईंना बोटं हलवून करायची एक साधी तपासणी शिकवली. खरं मोजमाप यंत्रावरच होतं, पण यंत्रापर्यंत माणूस यायला एवढी पुरेल, असं त्या म्हणाल्या.

बाई घरी परतल्या त्या धास्तावूनच. नवऱ्याला सरळ सांगून उपयोग नव्हता. डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं तर उत्तर ठरलेलं होतं, "त्या असंच म्हणणार!" पालथ्या घड्यावर पाणी. पण वर्गातल्या मठ्ठ नव्हे, हट्टी पोराला कसं शिकवायचं हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. उत्तर आपण द्यायचंच नाही. त्याच्याच तोंडून काढायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्टुडिओत गेल्या. काका जुना कॅमेरा पुसत बसले होते. मागे रंगवलेला पडदा होता, त्यावर कुठल्याशा महालाचा जिना.

"अहो, एक विचारू? शाळेचा ग्रुप फोटो काढायचात तेव्हा कॅमेऱ्याचं ते गोल काहीतरी फिरवायचात. कशासाठी?"

काका खुलले. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोने कॅमेऱ्याबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"अगं, ग्रुपमध्ये पुढची रांग जवळ, मागची लांब. भिंग पूर्ण उघडं ठेवलं तर एक रांग स्पष्ट येते आणि दुसरी धूसर. मग आम्ही काय करतो? उजेड आत यायचं भोक बारीक करतो. भोक जितकं बारीक, तितकं चित्र रेखीव! उजेड मात्र भरपूर लागतो, म्हणून तर तुमचा ग्रुप मी नेहमी उन्हात काढायचो. भोक बारीक आणि ऊन भरपूर असलं, की मागच्या रांगेतल्या पोराचं बटणसुद्धा..."

काका थांबले. हातातलं फडकं तसंच राहिलं.

"बटणसुद्धा काय?" बाईंनी भाबडेपणाने विचारलं.

"बटणसुद्धा दिसतं," काका हळू आवाजात म्हणाले. "अगं... ते गोदामाच्या दारात का उभं करतात?"

"मला काय माहीत? मी आपली गणिताची बाई."

काका उठले. फोटो चिकटवायच्या काळ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा घेतला, टेबलावरच्या टाचणीने त्याला भोक पाडलं आणि दारात उन्हात जाऊन समोरच्या दुकानाची पाटी वाचली. मग पुठ्ठा काढून वाचायला गेले, जमलं नाही. पुन्हा लावला, पुन्हा वाचली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! जन्मभर ज्या भोकावर पोट भरलं, त्याच भोकाला ते काल हात जोडून आले होते.

"मी गाढव आहे," काका म्हणाले. पण हट्टी माणूस तो! लगेच सावरून म्हणाले, "बरं, बाबा लबाड. मान्य. पण मला दिसतंय, हे तर खरं ना? म्हणजे डोळे ठणठणीत आहेत. मग ऑपरेशन कशाला?"

"बसा इथं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी काकांना गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसवलं. "उजवा डोळा झाका. डाव्या डोळ्यानं माझ्या नाकाकडे बघा. मी बाजूनं बोटं हलवत पुढं आणते. बोटं दिसली की सांगा. नजर हलवायची नाही."

"लग्न झाल्यापासून तुझ्या नाकाकडेच बघतोय. राग आधी तिथंच येतो."

बाईंनी काकांच्या नाकाच्या बाजूने, म्हणजे झाकलेल्या डोळ्याकडून, हात लांब धरला आणि बोटं हलवत हळूहळू मध्ये आणायला सुरुवात केली. त्यांना स्वतःला ती बोटं केव्हाच दिसायला लागली होती. काका शांत होते. बोटं आणखी आत आली. काका तसेच, समोर बघत, थोडे कंटाळलेले.

"अगं, हलव की बोटं. कधी हलवणार?"

"हलवतेच आहे," बाई म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. हलणारी बोटं बाईंच्या गालाजवळ पोचली होती. डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा सगळं समजलं होतं, पण आपलाच हात आपल्याच माणसाला दिसत नाही, हे बघणं फार वेगळं होतं. त्यांनी तो हात काकांच्या खांद्यावर ठेवला.

"कपडे बदला," त्या म्हणाल्या. "दवाखान्यात जायचंय."

"जाऊ," काका म्हणाले. "मुकाट्यानं येतो. पण परतताना गोदामावरनं."

दवाखान्यात दाब मोजला, तो चांगलाच चढला होता. नवे थेंब मिळाले, ऑपरेशनची तारीख अलीकडे ओढली गेली. उजव्या डोळ्यातली नवी वाटही बुजायच्या बेतात होती. ती वेळेत सापडली.

गोदामात त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. काका रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी नम्रपणे चकती हातात घेतली.

"बाबा, एक शंका. शक्ती चकतीत आहे की तेजोजलात?"

"दोन्हींत, बाळा," बाबा म्हणाले. काका बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी मोठे होते.

"मग तेजोजल घाला." चेल्याने थेंब घातले. काकांनी खिशातून जखमेला लावायची चिकटपट्टी काढली, चकतीच्या भोकावर चिकटवली आणि चकती डोळ्याला लावली. "आता अंधार आहे, बाबा. चकती तीच, जल तेच, श्रद्धा तीच. शक्ती कुठं गेली?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. बाबांचा आवाज पहिल्यांदाच जरा वाढला. "उजेडाची वाट अडवणं पाप आहे!"

"बरोबर. म्हणजे काम उजेडाचं आणि भोकाचं. मग चकती नको, जलही नको." काकांनी पिशवी उघडली. आत काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे होते, प्रत्येकाला टाचणीचं भोक. बाई एव्हाना तसेच तुकडे गर्दीत वाटत सुटल्या होत्या. वर्गात उत्तरपत्रिका वाटाव्यात तशा, पटापट.

"हातात घ्या. एक डोळा झाका. बाहेर उन्हात चला आणि वाचा!"

"थांबा!" बाबा गरजले. "नकलेतून काही दिसणार नाही! उलट असलेली नजर जाईल!"

आणि नेमकं त्याच वेळी, बाबांसमोरचा ध्वनिक्षेपक चालू असताना, चेल्याने एक पुठ्ठा डोळ्याला लावून बघितला. बिचाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याचा आवाज सबंध गोदामात घुमला. "बाबा! बाबा, याच्यातूनही दिसतंय हो!"

मग काय विचारता! सगळी गर्दी रस्त्यावर. कुणी बसचं वेळापत्रक वाचतंय, कुणी दुकानाची पाटी, कुणी शेजाऱ्याच्या शर्टावरचं लेबल. एका बसचालकाने गाडी थांबवून विचारलं, "ग्रहण आहे का आज?" हशा इतका उसळला की बाबा मागच्या दाराने कधी सटकले ते कुणालाच कळलं नाही. तेजोजलाच्या बाटल्या तेवढ्या मागे राहिल्या. पुढे तपासणीत त्यांत नळाचं पाणी निघालं. लोक टोपलीतल्या बाटल्या शोधायला धावले, तेव्हा बाई आडव्या उभ्या राहिल्या. "खबरदार! कुणाची कुठली कळतेय का? उघड्या बाटल्या डोळ्यांत घालायच्या नाहीत. दवाखान्यात चला, नव्या मिळतील."

सगळे हसत होते, एक माणूस सोडून. शिंपीदादा पुठ्ठा हातात धरून काकांसमोर येऊन उभे राहिले. त्यांचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"तुमचं काय बिघडलं होतं हो?" ते म्हणाले. "मला उद्याचा डोळा मिळाला होता. तो काढून घेतलात. आता मला काय देणार तुम्ही?"

हशा विरला. प्रश्न खरा होता. बाबाने एक गोष्ट दिली होती जी दवाखान्यात मिळत नाही, आणि ती म्हणजे गोड खोटं.

"देण्यासारखं माझ्याकडे काही नाही, शिंपीदादा," काका म्हणाले. "गेलेलं माझंही परत येणार नाहीये. मी सकाळीच ते ऐकून आलो. पण अजून जायचं बाकी आहे ना, तेवढं वाचतं. चला माझ्याबरोबर. मला कडेचं दिसत नाही आणि तुम्हालाही दिसत नसणार. दोघं हात धरून जाऊ, मध्ये बाई चालतील."

शिंपीदादांच्या बायकोने त्यांचा हात धरून बाईंच्या हातात दिला.

शिंपीदादांचा डावा डोळा गेलेलाच निघाला. त्याला कुणीच काही करू शकलं नाही. उजव्याचं ऑपरेशन झालं. सुईत दोरा आता त्यांची बायको ओवते, शिवतात मात्र तेच. काकांचंही डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पहिले काही आठवडे त्यांनी पुन्हा धूसर दिसण्याची तक्रार केली, कारण माणूस सुधारला तरी किती सुधारणार! पण एकही तपासणी चुकवली नाही.

वर्ष उलटल्यावर डॉक्टरीणबाईंनी काकांच्या नजरेचे दोन नकाशे शेजारी शेजारी ठेवले, एक ऑपरेशनच्या वेळचा आणि एक आजचा. दोन्हींत काळे डाग तिथल्या तिथे होते. "तसूभरही बदल नाही," त्या म्हणाल्या. बाईंनी नोकरीभर मुलांच्या प्रगतिपुस्तकात "प्रगती नाही" हा शेरा तांबड्या शाईने, रागाने लिहिला होता. आज तोच शेरा ऐकून त्यांचे डोळे भरून आले.

काचबिंदूच्या ऑपरेशनचं यश असंच असतं. त्यात टाळ्या नसतात. काही घडत नाही, आणि काही न घडणं हाच त्यातला गुण. म्हणून ते कुणाला दिसत नाही, आणि जिथे यश दिसत नाही तिथे चमत्कारवाल्याचं फावतं. तेव्हा मंडळी, उद्याचा डोळा कुणी दाखवायला लागला तर खुशाल बघा. पण बघून झाल्यावर त्याला विचारा, हे कशामुळे दिसलं? चकतीचं भोक बुजवलं तर दिसेल का? तुमच्याशिवाय दिसेल का? प्रश्न विचारल्याने खऱ्या औषधाचं काही बिघडत नाही. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत, कृपा करून, आजच्या डोळ्यातले थेंब थांबवू नका.